मदत हवी आहे: कागदी शेकरूची शेपटी झुपकेदार कशी करावी?

नमस्कार. दर रविवारी आमच्या सोसायटीतली ६ ते ९ वर्षांची ८ मुलं माझ्याकडे चिकटकामाला येतात. कात्री नाही, कागद हातानेच फाडायचा. हत्ती, वाघ झाले. आता सगळ्यांना शेकरू करायचंय. भीमाशंकरला बघून आलेली एक मुलगी तर त्याच्या शेपटीशिवाय दुसरं बोलतच नाही! आपला राज्यप्राणी, म्हणून मलाही तो नीट व्हावासा वाटतो.

पाठीला जुन्या लग्नपत्रिकांचा लालसर तपकिरी कागद छान जमला, पोटाला फिकट पिवळी पाकिटं. घोडं अडलंय शेपटीवर. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं, दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. म्हणून सरळ फाटणाऱ्या बारीक पट्ट्या घेतल्या. पण कणकेची खळ लागली की त्या भिजून सपाट बसतात, झुपका राहतच नाही. वाळल्यावर खालचा चित्रकलेचा कागदही वाकडा होतो.

खळ फक्त पट्टीच्या टोकाला लावावी का? की पतंगाचा कागद घेऊ? आणि खालचा कागद वाकू नये म्हणून तुम्ही काय करता? लहान हातांना झेपेल असंच सांगा, गरम गोंद नको. शनिवारपर्यंत कळलं तर फार बरं होईल.