चाळिशीत भाषाशास्त्र शिकायचं म्हणजे सीट अडवणं?

पेठेतली:
काल इथं एकांनी लिहिलं, "चाळिशी उलटलेल्यांनी एम.ए.ला नाव घालू नये, पोरांच्या सीटा अडतात. वेळ जात नसेल तर अंबाबाईच्या देवळात बसावं." रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितोय.

माझं वय 43. बी.कॉम. झालं, लग्न झालं, दोन मुलं, आणि 19 वर्षं डीटीपी. लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळी अंक, सगळं टाइप करतो. गेल्या वर्षी कागलकडच्या एका शेतकऱ्याचं आत्मचरित्र आलं. त्यात आई चुलीपाशी म्हणते, "जेवालोय न्हवं, थांब की जरा." प्रुफं तपासून आली तर 'जेवालोय'वर लाल काट आणि समासात 'जेवते आहे'. असं पानापानावर. मी दुरुस्त्या घातल्या, बिल घेतलं. पण ती म्हातारी त्या पानातनं उठून गेली. 'करतोय' आणि 'करालोय' एकच का वेगळं, वेगळं असलं तर कुठं, हे मला शिकायचंय.

जो तो सांगतो, शिवाजी विद्यापीठाच्या दूरशिक्षणातनं एम.ए. मराठी कर, घरात बसून होतंय. पण मराठीचं एम.ए. म्हणजे मुख्यतः साहित्य. भाषाशास्त्राचं पूर्ण एम.ए. पुण्यात डेक्कन कॉलेजात आहे. मी तिकडंच जाणार. कोर्स आपला प्रश्न बघून घ्यावा, वय बघून नाही.

फौंड्रीवाला:
ते वाक्य माझं. माझ्या पुतणीचं नाव वेटिंगला दोन नंबरवर अडकलं. वर्गात एक निवृत्त साहेब होते, दिवाळीनंतर यायचेच बंद झाले. पोरीचं वर्ष गेलं ते गेलं. माझा राग तिथला आहे.

आणि ताई, हिशेब मांडा. दोन वर्षं पुण्यात खोली, मेस, इकडं डीटीपी बंद. जेआरएफला, म्हणजे संशोधनाच्या सरकारी शिष्यवृत्तीला, बायकांना सवलत धरून वयाची 35 ची अट, तुमची ती गेली. 1962 ला इथं विद्यापीठ झालं, ते आपल्या माणसानं उठून पुणं गाठू नये म्हणूनच ना?

निवृत्त मास्तर:
मूळ प्रश्न राहू दे. बाईमाणूस असून 'लिहितोय', 'टाइप करतो'! भाषाशास्त्र शिकायला निघालात आणि लिंग चुकवता? मी 31 वर्षं वर्गात मुलींचं हे 'मी आलो, मी गेलो' खोडलं. मराठीला 3 ऑक्टोबर 2024 ला अभिजात दर्जा मिळाला, आणि आपण असं लिहायचं?

पेठेतली:
मास्तर, माझी आजी असंच बोलायची, आई बोलते, मी बोलतो. पेठेतल्या निम्म्या बायका असंच बोलतात. सगळ्याच चुकतात का?

गडहिंग्लजचा:
आमच्याकडं घरात कानडी, दारात मराठी. कानडीत 'मी येतो' आणि 'मी येते' असे दोन प्रकारच नाहीत, बाई असो वा बाप्या, 'बरुत्तेने' एकच. कोल्हापुरी 'मी येतो' तिथनंच आलं, माझी खात्री आहे.

पुण्यात बारा वर्षं:
खात्री कशावरनं? शेजारी कानडी आहे एवढ्यानं सिद्ध होत नाही. कुठल्या गावापर्यंत बायका असं बोलतात, कुठं थांबतं, वयानुसार बदलतं का, हे मोजावं लागतं. राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेजनं बोलींचं सर्वेक्षण केलंय, गावोगावच्या माणसांचा आवाज नेटवर ऐकायला मिळतो. ऐका आणि मग बोला.

मास्तरांना एकच सांगते. होस्टेलवर पहिल्याच रात्री मी "मी जेवून आलो" म्हटलं आणि आख्खी खोली हसली. तीन महिने मी बोलायच्या आधी प्रत्येक वाक्य मनात जुळवत होते. आज 'आलो' तोंडात येत नाही. आईशी फोनवर बोलतानासुद्धा नाही. ती म्हणते, तू परक्यासारखी बोलतेस. त्या खोडण्याची किंमत ही आहे.

निवृत्त मास्तर:
भावनेला हात घालू नका. बोली घरात ठेवा, कोणी अडवलंय? पण अर्जात, पेपरात, मुलाखतीत एखादी पोर 'मी आलो' म्हणाली तर नोकरी कोण देणार, तुम्ही? खेड्यातल्या मुली पुढं गेल्या त्या आम्ही खोडलं म्हणून. ते उपकार विसरून आम्हालाच आरोपी करता!

गडहिंग्लजचा:
उपकार? मला कानडी बोललो म्हणून बाकावर उभं केलं होतं, चौथीत. अजून आठवतंय.

रात्रपाळी एसटी:
भांडण थांबवा, ताईंचं विचारणं राहिलं. मी कंडक्टर, वय 50, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातनं बी.ए. केलं. पुस्तकं डेपोत रेस्टरूममध्ये वाचली. पदवी मिळाली, पण शंका विचारायला माणूस नव्हता. साहित्य एकट्यानं वाचता येतं. उच्चार ऐकून लिहून काढायचं काम समोर बसूनच शिकायचं असावं. सीटांचं म्हणाल तर दूरशिक्षणात कुणाची सीट अडत नाही, हे फौंड्रीवाल्यांनी मान्य करावं.

फौंड्रीवाला:
दूरशिक्षणापुरतं मान्य. पुण्याच्या वर्गाबद्दल नाही. घेतलीच सीट तर शेवटच्या पेपरापर्यंत बसायचं, एवढा शब्द द्या.

पेठेतली:
दिला. जेआरएफ गेली हे खरंय, पण नेट ही पात्रता परीक्षा देऊन सहायक प्राध्यापक व्हायला वयाची अट नाही. आणि नोकरी नाही लागली तरी मी डीटीपीलाच परत येणार. फक्त लाल काट आली की का नको ते लेखकाला सांगता येईल.

मास्तर, एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या आई काय म्हणायच्या?

निवृत्त मास्तर:
आई 'मी आलो' म्हणायची. राधानगरीकडची. शाळेत गेली नव्हती.

तिचं मी कधी खोडलं नाही. मुलींनी मुलाखतीत प्रमाण भाषाच बोलावी, हे माझं मत कायम आहे. पण त्या म्हातारीचं 'जेवालोय' खोडायला नको होतं. आत्मचरित्र होतं ते.

पेठेतली:
दुसरी आवृत्ती निघतेय. लेखकाला फोन केला, जुनी फाइल माझ्याकडं आहे. 'जेवालोय' परत घालतोय.