वडिलांच्या आत्महत्येनंतर गप्प झालेली विद्यार्थिनी : शाळेने काय करावे?

प्रश्न : शिक्षिका, यवतमाळ जिल्हा

मी जिल्हा परिषद शाळेत सातवीला शिकवते. माझ्या वर्गातील एका मुलीच्या शेतकरी वडिलांनी गेल्या पावसाळ्यात आत्महत्या केली. तेव्हापासून ती वर्गात बोलत नाही, पोट दुखते म्हणून मधूनच घरी जाते आणि कापूस वेचणी सुरू झाली की धाकट्या भावाला सांभाळण्यासाठी घरीच राहते. मानसोपचारतज्ज्ञांचा विषय काढताच आई म्हणाल्या, "पोरीला वेडी ठरवाल, उद्या तिच्याशी लग्न कोण करील?" आजी अंगारा लावते. या कुटुंबाचा विश्वास न गमावता सुरुवात कोठून करावी?

उत्तर १ : समुपदेशक

ताई, सुरुवात पोटदुखीपासूनच करावी, कारण त्यासाठी दवाखान्यात जायला घरच्यांची हरकत नसते. ग्रामीण रुग्णालयात रक्तक्षयाची आणि, आपल्या भागात विशेषतः, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराची तपासणी करून घ्यावी. दुःख शरीरातून बोलत असले तरी दुखणे खरेच असते, त्यामुळे मुलगी बहाणा करते असे कोणी म्हणू नये. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १० ते १९ वयोगटासाठी 'मैत्री क्लिनिक' चालते. तिथे समुपदेशक असेल, तर त्याच फेरीत भेट होऊ शकते आणि 'वेड' हा शब्द कोठेही येत नाही.

एक गोष्ट मात्र टाळू नये. "जगणं नकोसं वाटतं का?" असे तिला एकांतात, शांतपणे, थेट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उत्तर होकारार्थी आले, तर तिला एकटी सोडू नये, त्याच दिवशी आईला विश्वासात घेऊन जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभाग गाठावा आणि घरातील फवारणीची औषधे कुलूपबंद करायला सांगावे. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची शासकीय दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते.

उत्तर २ : बाल संरक्षण क्षेत्रातील कार्यकर्ता

समुपदेशकांचे म्हणणे मान्य आहे, परंतु जी मुलगी भावाला सांभाळण्यासाठी शाळा बुडवते, तिचा प्रश्न केवळ बोलण्याने सुटणार नाही. एक पालक गमावलेल्या मुलांना बालसंगोपन योजनेतून दरमहा २,२५० रुपये मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात अर्ज करावा लागतो आणि आदेश बालकल्याण समिती देते. अर्ज दोन्ही भावंडांसाठी करावा. कागदपत्रे जमवताना आईची रोजंदारी बुडते, म्हणून शाळेचे दाखले आपणच तयार ठेवलेत तर खरी मदत होईल. धाकटा अंगणवाडीच्या वयाचा असल्यास सेविकेशीही बोलावे.

उत्तर ३ : असेच बालपण गेलेला एक वाचक

आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला मिळणाऱ्या शासनाच्या एक लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' हे ठरेपर्यंत घरी येणारा प्रत्येक जण वडिलांच्या मृत्यूची हकिगत नव्याने विचारतो आणि मुले दाराआडून ती ऐकत असतात. आमच्याकडे तसेच घडले. अशा वेळी मुलांना बाहेर नेणारे कोणीतरी हवे. वर्गात सर्वांसमोर तिची विशेष विचारपूस करू नये, ही विनंती. हजेरीपुस्तक कार्यालयात नेऊन ठेवण्यासारखे एखादे नेहमीचे काम तिच्याकडे सोपवलेत, तर ते अधिक बरे.

शिक्षिका : धन्यवाद. आईशी बोलताना मुलीच्या उपचारांचा आग्रह धरावा का?

समुपदेशक : आधी आईंची झोप, जेवण आणि कर्जाची काळजी यांची विचारपूस करावी. पतीच्या मृत्यूचा दोष त्यांच्यावरच ठेवणारे नातेवाईक बहुतेकदा असतात. टेली-मानसचा क्रमांक त्यांना स्वतःसाठी द्यावा; एकदा तिथे बोलून त्यांना बरे वाटले, की मुलीसाठीचा होकार मिळणे सोपे जाते. आजींच्या अंगाऱ्यावर वाद घालण्याचे कारण नाही. मात्र मारहाण, उपाशी ठेवणे असा काही अघोरी प्रकार दिसला, तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे.