'वटहुकूम', 'अध्यादेश' की नुसता 'आदेश'?

अनुवादिनी: अमेरिका आणि भारत यांच्या राज्यघटनांवरचा लेख मराठीत आणतेय. 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर' आणि 'ऑर्डिनन्स' एकाच परिच्छेदात आलेत. संपादकांनी दोन्हीकडे 'अध्यादेश' केलंय. पटत नाही. काय लिहावं?

राजपत्र: दोन्ही एक करू नका. कलम १२३ खाली राष्ट्रपती आणि २१३ खाली राज्यपाल काढतात तो अध्यादेश. त्याला कायद्याइतकंच बळ असतं, पण सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत कायदा झाला नाही तर तो संपतो. अमेरिकेच्या अध्यक्षांना असा अधिकारच नाही. १९५२ साली ट्रूमन यांनी आदेश काढून पोलाद कारखाने ताब्यात घेतले. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी ते अवैध ठरवलं, कारण कायदे करणं काँग्रेसचं, म्हणजे तिथल्या संसदेचं काम. म्हणून तिथे 'कार्यकारी आदेश'.

पेठकर: आणि आपल्याकडच्याला 'वटहुकूम' का नको? 'त्याची वट आहे' मधलीच वट. वजनदार हुकूम!

शुद्धमती: उच्चार जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही. शिवाय हुकूम अरबी. संविधानाच्या मराठी पाठात 'अध्यादेश' आहे, तोच चालवावा.

पेठकर: अरबी म्हणून काढायचं तर 'कायदा', 'वकील', 'हक्क' सगळेच काढा. उलट आदेश, शासनादेश, अध्यादेश हे कानाला सारखे लागतात, म्हणून तर घोळ होतो.

तळटीप: घोळ खराच. जानेवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षणातल्या सगेसोयऱ्यांबद्दल निघाला तो हरकती मागवणारा अधिसूचनेचा मसुदा होता, पण सगळीकडे 'अध्यादेश' झाला. अधिसूचनेतले नियम आधीच्या कायद्याने दिलेल्या अधिकारात होतात. जीआर म्हणजे निव्वळ प्रशासकीय निर्णय, पण त्याच्याही खाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असतं, तिथे लोक फसतात. शीर्षक बघा: 'शासन निर्णय क्रमांक' की 'महाराष्ट्र अध्यादेश क्रमांक'.

राजपत्र: हा फरक पुसला तर विधिमंडळाला डावललेलं कळतच नाही. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश निघाले आणि मुदत संपली की तेच पुन्हा, काही तर चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. वाधवा यांनी ते मोजले, न्यायालयात नेले. १९८६ च्या निकालात हा घटनेशी कपट ठरला.

शुद्धमती: त्याला 'पुनःप्रख्यापन' म्हणावं.

पेठकर: 'पुन्हा जारी करणं' म्हणा. प्रख्यापन कुणाला कळतं?

शुद्धमती: 'जारी' पण अरबीच.

अनुवादिनी: आणि संपादकांना?