मदत हवी आहे: कावळे डिकॉय (नकली पक्षी) बघून येतात, घिरटी घालतात आणि निघून जातात

बांधावरचा (शनिवार, दुपारी १२:१०)

तीन आठवडे झाले, आता डोकं फिरायची वेळ आली आहे. कावळ्यांच्या शिकारीसाठी डझनभर नकली कावळे, त्यांना चिडवायला प्लास्टिकचं मोठं घुबड, कावळ्यांचे आवाज वाजवणारा रिमोटवरचा इलेक्ट्रॉनिक कॉलर, सगळं आणून झालं. पहिल्या शनिवारी वीस मिनिटांत सात पडले. दुसऱ्या शनिवारी दोन. आज पहाटेपासून बसलो होतो. चाळीसेक आले, उंचावरून एक फेरी मारली, आरडाओरडा केला आणि गेले. टप्प्यात एकही उतरला नाही. आवाज वाढवला, बदलला, काही उपयोग नाही. उद्या पुन्हा जायचं आहे, त्यामुळे उत्तर आजच हवं आहे. काय चुकतंय?

'मारू नका' एवढंच सांगायचं असेल तर कृपया वेगळा धागा काढा.

ओहायोकर (१२:३२)

कुठे आहात? राज्य कोणतं? घुबड कुठे लावलं होतं, जमिनीवर की उंच? तुम्ही कुठे बसला होतात? तिन्ही वेळा जागा एकच होती का? एवढं कळल्याशिवाय सांगणार काय?

स्नेहल_के (१२:४१)

भारतात असाल तर आधी थांबा. पूर्वी वन्यजीव कायद्यात कावळा उपद्रवी प्राण्यांच्या पाचव्या परिशिष्टात होता. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकलं आणि ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. 'कावळा काय, कोणीही मारावा' ही समजूत जुनी झाली.

बांधावरचा (१२:५०)

पेनसिल्वेनिया, लँकेस्टर काउंटी. जागा एकच, शेजाऱ्याच्या गोठ्यामागचं मक्याचं कापलेलं रान. घुबड जमिनीवर, कावळे भोवती गोल. कॉलर घुबडाच्या बुडाशी. मी कुंपणालगत झुडपात.

कागदोपत्री (१:१५)

शिकारीचं मला काही कळत नाही, पण एक गोष्ट विचारल्यावाचून राहवत नाही. तुमचा व्हिसा कोणता आहे? एच-वन-बी किंवा तसल्या कुठल्याही नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगणं हा फेडरल गुन्हा आहे, मग ती बंदूक शेजाऱ्याची का असेना. राज्याचा वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे. आपली मुलं ऑफिसातल्या मित्रांबरोबर सहज रेंजवर जातात, फोटो टाकतात आणि पुढे ग्रीनकार्डाच्या वेळी घाम फुटतो.

दुसरं म्हणजे १९७२ साली अमेरिकेच्या मेक्सिकोबरोबरच्या पक्षी-करारात कावळ्याची भर पडली, तेव्हापासून अमेरिकेत तो संरक्षित स्थलांतरित पक्ष्यांत मोडतो. राज्याला वर्षाला जास्तीत जास्त १२४ दिवसांचा हंगाम ठेवता येतो, आणि विणीच्या ऐन काळात तोही नाही. पेनसिल्वेनियाने हे दिवस शुक्रवार, शनिवार, रविवार असे वाटून हंगाम लांबवला आहे. सोमवारी सुट्टी मिळाली म्हणून निघालात तर फसाल.

बांधावरचा (१:२२)

ग्रीनकार्ड आहे. परवाना आहे, शिकारीच्या शिक्षणाचा कोर्स केला आहे, बंदूक माझ्या नावावर आहे. शनिवार-रविवारच जातो. कॉलर इथे कावळ्यांसाठी कायद्याने चालतो, तेही पाहिलं आहे. कृपया कावळ्यांबद्दल सांगा.

जुना_बार (१:४०)

इलेक्ट्रॉनिक डबा बाजूला ठेवा. मी एकवीस वर्षं तोंडाने वाजवायच्या लाकडी कॉलवर कावळे बोलावतोय. डब्यात तीच ती भांडणाची ध्वनिफीत. परिसरातल्या प्रत्येक कावळ्याने ती ऐकलेली असते आणि तिच्यापाठोपाठ बार होतो हे त्याच्या लक्षात राहतं. तोंडाने वाजवलं की दर वेळी आवाज वेगळा निघतो. फुंकर गालातून नाही, पोटातून मारायची आणि घशात थोडी गुरगुर ठेवायची, म्हणजे चिडलेला कावळा वाटतो. चार-पाच झटपट हाका, थोडी शांतता, मग पुन्हा. एक महिना गाडीत सराव करा.

ओहायोकर (१:५५)

जुना_बार, त्यांना उद्या जायचंय, महिन्याने नाही. डब्यात दोष नाही, मीही तोच वापरतो. दोष जागेत आहे. एकाच रानात लागोपाठ तीन शनिवार! लँकेस्टरला हिवाळ्यात कावळ्यांचा मोठा रातथारा असतो. हजारोंनी मुक्कामाला येतात आणि सकाळी चाऱ्याला पांगतात. तुमच्या रानावरून रोज तेच थवे जात असणार. पहिल्या दिवशी जे वाचले ते सगळे आता शिकलेले आहेत. त्यांनी आज फेरी मारून जो आरडाओरडा केला, तो इतरांना सावध करण्यासाठी.

टिटवी (२:०५)

शिकार करत नाही, पक्षी बघते, पण हे खरं आहे. सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये गुहेतल्या माणसाचा मुखवटा घालून कावळे पकडले, पायात कड्या घातल्या आणि सोडून दिले. त्यानंतर कितीतरी वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कल्ला करून मागे लागायचे. जे कधी पकडलेही गेले नव्हते तेसुद्धा. दुसरा मुखवटा घातला की कोणी लक्ष देत नसे. तुम्ही तोंड झाकता का?

बांधावरचा (२:१२)

कपडे रानाच्या रंगाचे आहेत. तोंड उघडं.

जुना_बार (२:२०)

हे आधी सांगायला हवं होतं. वरून पाहिलं की झुडपात माणसाचा चेहरा ताटलीसारखा चमकतो, त्यात मान वर करून बघत बसलात तर विचारूच नका. जाळीचा मुखपट्टा आणि हातमोजे घाला. कावळे येताना हलायचं नाही, बार टाकायच्या क्षणीच बंदूक उचलायची. आणि आधी टेहळ्या पाडा. जो एकटा पुढे येतो तो. तो परत गेला तर बाकीचे येत नाहीत.

ओहायोकर (२:३१)

इथे माझा अनुभव उलट आहे. टेहळ्याला जाऊ द्यावं. तो घुबड बघतो, ओरडतो आणि त्याच्या ओरडण्यानेच बाकीचे धावत येतात. पहिल्यालाच पाडलंत तर मागचे झाडाच्या शेंड्यावरून सगळं बघत बसतात.

जुना_बार (२:३६)

एकदा उतरणीला लागला की तो टेहळ्या राहत नाही. मी उंचावरून बघून माघारी वळणाऱ्याबद्दल बोलतोय.

ओहायोकर (२:४०)

माघारी वळला म्हणजे पस्तीस-चाळीस यार्डांच्या बाहेर असणार. तिथे छर्रा टाकून पक्षी जखमी करायचा आणि तो दोन शेतं ओलांडून पडायचा, हे मला पटत नाही.

सातपुडा (२:५८)

ही चर्चा वाचून आजोबांची आठवण आली. आमच्या भागात पारधी पिंजऱ्यात पाळलेला तितर नेत. तो ओरडला की रानातला नर भांडायला येई आणि भोवती लावलेल्या फाशात अडके. त्याला बोलका तितर म्हणत. आता ते बंद आहे आणि बंदच असावं. पण तत्त्व तेच: पक्ष्याला त्याच्या रागाच्या जागी बोलवायचं. कावळ्याचा राग घुबडावर. आमच्या वडावर दिवसा घुबड उजेडात आलं की वीस-वीस कावळे त्याला झोडपत गावाबाहेर काढायचे. घुबड रात्री झोपेतला कावळा आणि घरट्यातली पिलं उचलतं, म्हणून हे वैर.

पेठकर (३:१०)

विषय कावळ्यांचा आहे म्हणून विचारतो. गेल्या महिन्यात वडिलांच्या दहाव्याला आम्ही घाटावर दोन तास थांबलो, पिंडाला कावळा शिवेना. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. आईच्या मनाला ते लागून राहिलं आहे. शहरातले कावळे खरंच कमी झालेत का?

टिटवी (३:१८)

पेठकर, आईंना सांगा, दर्भाचा कावळा ही आपल्याकडे चालत आलेली रीत आहे. त्यात वडिलांच्या इच्छेचं काही राहून गेलं असं नाही. सकाळी उशीर झाला की कावळे पोट भरून दुसरीकडे गेलेले असतात, घाटावर तर रोजच भात असतो. याबद्दल वेगळा धागा काढा, मी लिहीन.

बांधावरचा (३:२५)

माझ्या प्रश्नावर येऊ या का? उद्या नवीन जागा कुठे शोधू? शेजाऱ्याची जमीन तेवढीच आहे आणि नुकसान तिथेच होतंय.

ओहायोकर (३:३३)

नुकसान कसलं? हे अजून सांगितलंच नाहीत. जानेवारीत मका तर उभा नसतो.

बांधावरचा (३:४५)

त्याची साठ गाईंची डेअरी आहे. मुरघासाच्या (हवाबंद साठवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) लांब पांढऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या गोठ्यामागे आडव्या ठेवलेल्या असतात. कावळे पिशवीवर बसून चोचीने भोकं पाडतात. भोक बोटाएवढं असतं, पण हवा आत शिरते आणि तिथे हातभर मुरघास काळा पडून बुरशी धरतो. रोज सकाळी तो फावड्याने काढून टाकावा लागतो. गेल्या आठवड्यात मी स्वतः मोजली, एका पिशवीला तेवीस भोकं. म्हाताऱ्याने मला इथल्या पहिल्या हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ काढून दिला होता, न विचारता. त्याच्यासाठी एवढं तरी करायला हवं.

कागदोपत्री (४:०२)

मग हंगामाचीही गरज नाही! पिकाचं किंवा जनावरांच्या चाऱ्याचं नुकसान करणाऱ्या कावळ्यांसाठी वेगळा फेडरल आदेश आहे, परवान्याशिवाय मारता येतात.

टिटवी (४:११)

अर्धवट सांगू नका. त्या आदेशाखाली आधी न मारता हाकलायचे उपाय करून बघावे लागतात, शॉटगनमध्ये शिशाचे छर्रे चालत नाहीत, आणि वर्षाअखेर किती मारले त्याचा अहवाल केंद्र सरकारच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसला द्यावा लागतो. हंगाम चालू आहे, त्यांनी हंगामातच राहावं.

आणि आधी पिशव्यांवर जाळी टाका! पिशवीला टेकू न देता, टायर किंवा लाकडी चौकट ठेवून वर ताणायची, म्हणजे चोच पोचत नाही. भोकं दिसतील तशी त्याच दिवशी चिकटपट्टीने बुजवा. सांडलेला मका झाडून काढा, तोच त्यांना बोलावतो.

बांधावरचा (४:२०)

जाळीचं त्याला सांगतो. पण शिकारीचं?

ओहायोकर (४:५०)

उद्या जाऊ नका. आत्ताच गाडी काढा आणि अंधार पडेपर्यंत बघा की कावळे मुक्कामाला कुठल्या रेषेने जातात. ओढा, झाडांची रांग, कडेचा डोंगर, अशी काहीतरी रेषा असते. त्या रेषेखाली, गोठ्यापासून मैल-दोन मैल दूर दुसऱ्या कोणाचं शेत असेल तर त्याची लेखी परवानगी घ्या. वस्तीच्या घरापासून १५० यार्डांच्या आत त्यांच्या परवानगीशिवाय बार नको. रातथाऱ्यावर कधीच बसू नका, तिथून उठले की अख्खा तालुका सोडतात.

मांडणी अशी: घुबड जमिनीवर नाही, कुंपणाच्या खांबावर, लांबून दिसेल असं. नकली कावळे चार-पाच पुरे, जवळच्या फांद्यांवर, तोंडं घुबडाकडे. कॉलर तुमच्यापासून वीस-पंचवीस पावलं दूर. कावळे वाऱ्याच्या तोंडी उतरतात, म्हणून वारा पाठीवर घेऊन बसा. आवाज अर्धा मिनिट, मग बंद. पंधरा-वीस मिनिटांत आले तर आले, नाहीतर उठा. त्या जागी महिनाभर पुन्हा जायचं नाही.

जुना_बार (५:०५)

एक राहिलं. डिकॉय अंधारात मांडता ना? सकाळी सातला त्यांच्या पाठीवर बघा. जानेवारीत प्लास्टिकवर दव गोठून पांढरा थर बसतो. जिवंत कावळ्याच्या पाठीवर हिव टिकत नाही. मी एक हिवाळा याच्यात घालवला. फडक्याने पुसा, किंवा मखमली लेपाचे घ्या. काळ्या लोकरी मोज्याचं कापड चढवलं तरी चालतं, उन्हात चमकतही नाही.

बांधावरचा (५:१२)

थर होता. मला वाटलं चांगलंच दिसतंय.

टिटवी (५:३०)

अजून दोन गोष्टी, फार महत्त्वाच्या. तुमच्या भागात डोंगराकडे रेव्हन आहे, कावळ्यासारखाच दिसणारा. आकाराने मोठा, शेपूट पाचरीसारखी, आवाज घोगरा आणि खोल, घारीसारखा तरंगतो. तो मारायचा नाही, तो गुन्हा आहे. कावळ्याची शेपूट पंख्यासारखी असते. आणि घुबडाच्या डिकॉयवर ससाणे, शिक्र्यासारखे शिकारी पक्षीही झेप घेतात. काळं काहीतरी आलं म्हणून बार टाकू नका, ओळखूनच टाका. मेलेले पक्षी उघड्या हाताने उचलू नका. १९९९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये वेस्ट नाइल विषाणू आला तेव्हा सगळ्यात आधी कावळेच पटापट मेले होते, आणि आता बर्ड फ्लू आहे.

सातपुडा (५:४४)

मारलेल्या कावळ्यांचं करता काय?

बांधावरचा (५:५०)

पुरतो. एक शेतकऱ्याने पिशव्यांजवळ काठीला उलटा टांगला आहे. दोन दिवस कावळे तिकडे फिरकले नाहीत, तिसऱ्या दिवशी काठीवरच बसले होते.

बांधावरचा (पंधरा दिवसांनी, रविवार, सकाळी १०:२५)

सांगितल्याप्रमाणे करून पाहिलं. मुक्कामाची रेषा ओढ्यावरून जाते, तिथल्या एका शेतकरीणबाईंनी चिठ्ठी लिहून दिली. घुबड खांबावर, पाच कावळे, पुसलेले. तोंडाला जाळी. कॉलर पंचवीस पावलांवर, वारा पाठीवर. सव्वासातला दोन आले, मी हललो नाही, ते घुबडाभोवती किंचाळत राहिले आणि मागून आणखी चौदा-पंधरा आले. नऊ पडले. वीस मिनिटांनी उठलो. टेहळ्याला जाऊ दिलं, ओहायोकर, आभारी आहे. जुना_बार, लाकडी कॉल मागवला आहे.

जाळी गेल्या रविवारी आम्ही दोघांनी ताणली. आठवड्यात नवीन भोकं चार, तीही जाळी जिथे पिशवीला टेकली होती तिथेच.

जुना_बार (१०:४०)

छान. खांबाची उंची किती होती? आणि ऊन घुबडाच्या पाठीवर होतं की तोंडावर?

बांधावरचा (१०:४६)

खांब छातीएवढा. ऊन तोंडावर. का, उलटं हवं होतं?