स्टार नाइन्टीनाइन हॅश लागत नाहीये (बाबांचा फोन, सोलापूर)

विषय: बाबांच्या फोनवर बँकेचा कोड लागत नाही, कुणाला माहितीये का?

इंग्लंडातल्या सोलापूरकर मंडळींनो नमस्कार,

मी सध्या सोलापुरात आहे, गड्ड्याला (सिद्धेश्वराच्या यात्रेला) म्हणून आलेय ती महिनाअखेरपर्यंत इथेच, त्यामुळे मंडळाच्या हळदीकुंकवाला मी नाही. वाणाच्या वाट्या माझ्या लेस्टरच्या गॅरेजमध्ये आहेत, चावी शेजारच्यांकडे ठेवलीये, कुणीतरी घेऊन जा प्लीज.

आता मूळ मुद्दा. बाबा ७९ वर्षांचे, झेडपीतून रिटायर, पेन्शन बँकेत जमा होते. स्मार्टफोन घ्यायचाच नाही हे त्यांचं ठरलेलं आहे, बटणाचा फोन वापरतात आणि तो चार दिवस चार्ज करावा लागत नाही हे येईल त्याला सांगतात. प्रॉब्लेम असा की खात्यात किती आहेत एवढं बघायला ते जुळे सोलापुरातून रिक्षा करून ब्रँचला जातात, तिथे पासबुकाचं मशीन बंद, परत दुसऱ्या दिवशी रिक्षा. मला आठवलं की साध्या फोनवरून *९९# लावून बॅलन्स कळतो, नेट लागत नाही, म्हणून काल लावला. भाषा विचारली, मी हौसेने मराठी निवडली, आणि त्यानंतर स्क्रीनवर नुसते चौकोन चौकोन. वाटलं हँडसेटच गेला. मग त्यांचं सिम काढून माझ्या फोनमध्ये घातलं तर तिथे वेगळंच, "कनेक्शन प्रॉब्लेम ऑर इनव्हॅलिड एमएमआय कोड". सात-आठ वेळा केलं, रिस्टार्ट केलं, तेच. सिमच बाद आहे का? बाबा म्हणतात राहू दे, रिक्षावाला ओळखीचा आहे.

– जुळे सोलापूर (एरवी लेस्टर)

—

विषय: उत्तर: बाबांच्या फोनवर बँकेचा कोड लागत नाही

अगं पोरी, सिमला काही झालेलं नाही. मी तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली आहेत, त्यातली शेवटची सोलापुरातच, तेव्हा थोडं लांबण लागलं तर सांभाळून घे.

आधी चौकोनांचं. हा जो कोड आहे तो यूएसएसडी, म्हणजे एसएमएस नव्हे. एसएमएस कुठेतरी साठतो आणि मग पोचतो, हे तसं नाही, फोन लावल्यासारखी लाइन उघडी राहते आणि तू उत्तर दिलं नाहीस तर समोरचा वाट बघून बंद करतो. एका वेळी इंग्रजीची १८२ अक्षरं जातात, आणि देवनागरी प्रत्येक खुणेला जास्त जागा खाते म्हणून आपली जेमतेम ८०, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. त्यामुळे मराठी मेनू असाही तुटकच येतो, आणि बाबांच्या हँडसेटमध्ये देवनागरीचा फाँट नसला तर चौकोन दिसणारच. मेनू आलेला होता, फक्त वाचता येत नव्हता. म्हणजे तिथपर्यंत सगळं ठीक होतं.

आता तुझ्या फोनचं. त्यात तुझं इंग्लंडचं सिम पण आहे ना? मग बघ, कॉलसाठी डिफॉल्ट कुठलं आहे. माझी खात्री आहे की तू सात-आठ वेळा *९९# लावलास तो लेस्टरच्या कंपनीला लावलास, त्यांना काय कळणार त्यातलं, त्यांनी इनव्हॅलिड म्हणून परत पाठवला. सेटिंगमध्ये जाऊन कॉलचं सिम बदल, नाहीतर तुझं सिम तात्पुरतं बंदच कर. दुसरं म्हणजे वाय-फाय कॉलिंग चालू असेल तर बंद कर. घरात टॉवरची रेंज पडलेली असते, फोन वाय-फायवरून कॉल करतो, आपल्याला वाटतं सगळं झकास आहे, आणि हा कोड मात्र मोबाइलच्या जुन्या नेटवर्कवरून जायचा प्रकार आहे, वाय-फायवर तो अडकतो. गच्चीत जा आणि लाव. तरी नाही गेला तर नेटवर्क मोड टूजी-थ्रीजीवर टाकून बघ. (ज्या कंपनीकडे फोरजीच्या खालचं काहीच नाही तिच्या सिमवर डोकं फोडू नका.)

ही सेवा २०१२ ला सुरू झाली तेव्हा फक्त बीएसएनएल आणि एमटीएनएलवर होती, २०१४ च्या ऑगस्टमध्ये जनधनबरोबर सगळ्यांसाठी आली. पूर्वी मराठीसाठी *९९*२८# असा वेगळा कोड होता. नोटबंदीच्या महिन्यात एका वेळचा चार्ज दीड रुपयावरून ५० पैसे केला आणि २०२२ मध्ये ट्रायने (टेलिफोन कंपन्यांवरच्या सरकारी नियामकाने) तोही काढला, तेव्हा फुकट आहे, बिनधास्त लाव.

– काका, रेल्वे लाइन्स

—

विषय: उत्तर: उत्तर: बाबांच्या फोनवर बँकेचा कोड

ताई, आज गड्ड्याच्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी लावलालाव आणि लागंना म्हणलालाव व्हय. सम्मती कट्ट्याला लाखभर लोकं हातात फोन घेऊन उभी असतेत, टॉवर काय करंल बिचारा. उद्या लावा की.

आणि येताना शेंगाचटणी आणा, मागच्या वेळी आणलेली समितीच्या मीटिंगमध्येच संपली, आमच्यापर्यंत आलीच नाही बे.

– अशोक चौक

—

विषय: काकांचं बरोबर निघालं, पण आता दुसरंच

काका, साष्टांग नमस्कार. लेस्टरलाच लावत होते मी. सिम बदललं, वाय-फाय कॉलिंग बंद केलं, गच्चीत टाकीजवळ उभी राहिले (आज पाणी यायचा दिवस, अख्ख्या गल्लीच्या मोटारी चालू, कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही) आणि पहिल्या फटक्यात मेनू आला. मराठीत. बँकेच्या आयएफएस कोडची पहिली चार अक्षरं विचारली, ती टाकली, आणि आता म्हणतंय की या मोबाइल नंबरला जोडलेलं खातंच सापडत नाही. बाबांचा हा नंबर बारा वर्षं जुना आहे. खातं त्याच्या आधीचं. असं कसं?

– जुळे सोलापूर

—

विषय: उत्तर: काकांचं बरोबर निघालं, पण आता दुसरंच

मी इकडे यायच्या आधी सोलापुरात बँकेत काउंटरला होते म्हणून सांगते, नंबर जुना असून उपयोग नाही, बँकेकडे कुठला नोंदवलाय ते बघ. आपल्याकडे घरात पहिला मोबाइल ज्याचा, त्याचा नंबर सगळ्यांच्या फॉर्मवर. मुलाचा, जावयाचा, कधी कधी वरच्या भाडेकरूचा पण. *९९# तुमचा नंबर आपोआप ओळखतो आणि तोच बँकेत शोधतो, मिळाला नाही की विषय संपला. पासबुकाच्या पहिल्या पानावर शेवटचे आकडे छापलेले असतात बऱ्याचदा, नाहीतर ब्रँचमध्ये विचार.

आणि दुसरं, एटीएम कार्ड चालू आहे ना? पहिल्यांदा *९९# चा पिन करताना कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि मुदत विचारतात. म्हाताऱ्या माणसांचं कार्ड संपून वर्षं झालेली असतात, त्यांना पत्ताच नसतो कारण ते विड्रॉवल स्लिप भरतात.

– ताई, नवी पेठ

—

विषय: आईचा नंबर

ताई, तुमचं अगदी तंतोतंत. पासबुकावर शेवटचे चार आकडे आहेत ते आईच्या नंबरचे. घरातला पहिला मोबाइल तिचाच होता, मी पहिल्या पगारातून घेतलेला, आणि फोन उचलायचं काम तिचं, त्यामुळे गॅसचं, लाइटबिलाचं, बँकेचं, सगळीकडे तोच. आई जाऊन तीन वर्षं झाली. तिचं सिम आम्ही रिचार्ज केलंच नाही, तिचा फोन अजून कपाटात रुमालात गुंडाळून ठेवलाय.

काल रात्री काय सुचलं माहीत नाही, मी त्या नंबरला फोन लावला. वाटलं बंद असेल. एका मुलाने उचलला, बार्शीचा आहे, कॉलेजात शिकतो. मी घाबरत घाबरत सांगितलं तर म्हणाला, "काकू, तरीच, मला दर महिन्याला पेन्शन जमा झाल्याचा मेसेज येतो, मित्र म्हणले फ्रॉड आहे, उघडू नको." दोन वर्षं येतोय त्याला. मी ठेवला फोन आणि बराच वेळ काही बोलले नाही, बाबांना वाटलं नेट गेलं.

बाकी कार्डाचं पण खरं. जुन्याची मुदत संपलेली, नवं पोस्टाने आलेलं कपाटात वर्तमानपत्राच्या खाली, पाकीट न फोडता.

– जुळे सोलापूर

—

विषय: उत्तर: आईचा नंबर

तो मुलगा भला निघाला म्हणून बरं. तीन महिने, म्हणजे ९० दिवस नंबर अजिबात वापरला नाही की कंपनी बंद करू शकते आणि नंतर दुसऱ्याला देते. आपण इकडे राहणाऱ्यांनी तर कानाला खडा लावावा, कितीतरी जणांची भारतातली सिमं ड्रॉवरमध्ये पडून आहेत आणि सगळ्या ओटीपींची मदार त्यांच्यावर. निदान एनआरई-एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांच्या भारतातल्या) खात्यांचं तरी बघा, जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंड धरून दहा देशांतल्या नंबरांवर यूपीआय जोडायची परवानगी दिलीये, तुमची बँक देतेय का ते विचारा.

नुसत्या मेसेजवरून त्याला पैसे काढता आले नसते, कार्डाचे किंवा आधारचे आकडे लागतातच. पण निम्मा दरवाजा उघडा होता हे खरं. उद्याच्या उद्या ब्रँचला जा, बाबांना घेऊन, आधार आणि पासबुक ओरिजिनल.

– ताई, नवी पेठ

—

विषय: कोडवरून आठवलं, जरा जपून

सगळे कोड लावायला शिकवताय तर एक उलटं पण सांगतो. आमच्या मावशीला विजापूर रोडला एक फोन आला, तुमचं पार्सल अडकलंय, डिलिव्हरी बॉयशी बोलायला अमुक कोड लावा. *४०१* आणि पुढे दहा आकडी नंबर. तो कॉल फॉरवर्डचा कोड होता, म्हणजे मावशीचे सगळे कॉल त्या माणसाकडे, आणि ओटीपी कॉलवर मागवला की तो पण तिकडे. हे प्रकार इतके वाढले की सरकारने १५ एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना कोडवरून फॉरवर्ड करणं बंदच करायला सांगितलं. तरी बाबांना सांगून ठेवा, बँकेचा कोड आपण आपल्या मनाने लावायचा, फोनवर कुणी सांगितला म्हणून नाही. संशय आला तर *#२१# लावून फॉरवर्ड आहे का दिसतं आणि ##००२# ने सगळं रद्द होतं. पैसे गेलेच तर १९३० ला लगेच फोन, उद्या बघू म्हणून नाही.

– होटगी रोड

—

विषय: लागला!!

मंडळी, लागला. पण सरळ लागला असता तर सोलापूर कसलं.

ब्रँचमध्ये पहिल्या दिवशी साहेब जेवायला, दुसऱ्या दिवशी फॉर्म संपले, झेरॉक्स समोरच्या दुकानातून आणा. तिसऱ्या दिवशी झालं, आणि त्याच्या पुढच्या संध्याकाळी बाबांच्या नंबरवर मेसेज आला की नंबर बदलला. एटीएमवर जाऊन नव्या कार्डाचा पिन केला. सिम परत बटणाच्या फोनमध्ये घातलं, भाषा इंग्रजी केली, चौकोन गेले.

आता खरी गंमत. *९९# चा पिन करायला कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मग एक मोकळी जागा, मग मुदत, महिना आणि वर्ष. बटणाच्या फोनवर मोकळी जागा कुठे असते? बाबांनी तीनदा सगळे आकडे सलग टाकले आणि तीनदा चूक म्हणून परत आलं, चौथ्यांदा चष्मा पुसेपर्यंत लाइन बंद झाली. शेवटी सापडलं, हॅश दाबून अक्षरांवर जायचं आणि मग शून्य दाबायचं की जागा पडते (या हँडसेटवर तरी). अर्धा तास गेला यात! मग सगळं आधी कागदावर लिहिलं, मी वाचत गेले, ते दाबत गेले, आणि पिन झाला. पिन दाबताना मी तोंड फिरवून उभी राहिले कारण तो स्क्रीनवर चक्क दिसतो, चांदण्या-बिंदण्या काही नाहीत, तेव्हा दुकानात कुणाला "जरा बघून दे रे" म्हणायचं नाही हे बजावलंय. पैसे पाठवायचं मात्र मी शिकवलं नाही, एका वेळी पाच हजारांची मर्यादा असली तरी नकोच, तेही नको म्हणाले.

कागद भिंतीवरच्या कॅलेंडरला टाचलाय, जिथे ते पाण्याच्या तारखांना निळे गोल करतात त्याच्या शेजारी. रोज सकाळी सहाला चहाच्या आधी *९९# चालू आहे. काल मी म्हटलं बाबा, रात्रीतून काय बदलणार आहे, तर म्हणाले बघायला काय जातंय, फुकट आहे ना.

एकच राहिलं. ब्रँचमध्ये पासबुक भरून आणलं त्यात दर तिमाहीला एसएमएस चार्जेस म्हणून कापलेले आहेत. बाबांनी पेन्सिलने सगळ्यांना खुणा केल्यात आणि सकाळपासून विचारतायत की बार्शीच्या पोराला गेलेल्या मेसेजचे पैसे मी का भरले. ताई, हे परत मागायला अर्ज कुणाच्या नावे करायचा? मसुदा त्यांनी लिहून तयार ठेवलाय, दोन पानी आहे.

(चटणी घेतलीये, अशोक चौकवाल्यांचा डबा वेगळा.)

– जुळे सोलापूर