सिंकच्या नळाच्या नॉबचा स्क्रू अडकला आहे : नळ न उतरवता गळती थांबवता येईल का?

नमस्कार,

लातूरच्या आमच्या घरी स्वयंपाकघरातील सिंकवर भिंतीतून आलेला, फिरत्या लांब तोटीचा पितळी नळ आहे. तो पूर्ण बंद केला तरी तोटीतून थेंब पडत राहतात. नॉबच्या मुळाशी किंवा तोटी फिरते त्या सांध्यावर ओल अजिबात नाही, त्यामुळे दोष आतल्या स्पिंडलमध्येच, म्हणजे नॉबबरोबर फिरून पाणी उघड-बंद करणाऱ्या भागातच असावा. नळ पाव फेऱ्यात उघडणारा, म्हणजे आत सिरॅमिकच्या चकत्या असलेला आहे. इमारतीची टाकी धुतल्यानंतर गळती सुरू झाल्याने चकत्यांमध्ये रेतीचा कण अडकून चरा पडला असावा, असा माझा अंदाज आहे. मिनिटाला साधारण साठ थेंब पडतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी दिवसाला चार लिटरहून अधिक पाणी वाया जाते. ज्या शहराला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हे बघवत नाही.

स्पिंडल बदलायचा तर आधी नॉब काढावा लागतो आणि घोडे तिथेच अडले आहे. नॉबवरचे निळे बटण उचकटल्यावर खाली चौफुली खाचेचा लोखंडी स्क्रू दिसतो. बोअरच्या पाण्यामुळे त्याच्याभोवती क्षारांचा पांढरा थर साचला होता आणि त्याखाली तपकिरी गंज आहे. प्लंबरने लहान मापाचा स्क्रू ड्रायव्हर लावून जोर केला, त्यामुळे खाचेचे कोपरे झिजून तिथे गुळगुळीत खळगा झाला आहे आणि आता कोणताही ड्रायव्हर त्यात नुसताच फिरतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस रात्रभर ठेवल्याने क्षार निघाले. गंज सोडवणारा स्प्रेही मारून पाहिला, परंतु स्क्रू जागचा हललेला नाही.

प्लंबर म्हणतो, अख्खा नळच बदला. नळाच्या किमतीची अडचण नाही. मात्र भिंतीतली पाइपलाइन जुनी जीआयची, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची आहे आणि आमच्याच इमारतीत एका घरी नळ पान्याने फिरवताना आतला निप्पल, म्हणजे नळ पाइपला जोडणारा आट्यांचा छोटा तुकडा, आट्यांपाशी मोडला. पुढे टाइल फोडून एल्बोपर्यंत, म्हणजे पाइपच्या वळणाच्या जोडापर्यंत जावे लागले. म्हणून नळ भिंतीतून न हलवता काम व्हावे, अशी इच्छा आहे. स्क्रूचे डोके ड्रिलने कापले तर नॉब सुटेल का, आणि गॅसच्या बर्नरने नळ तापवणे योग्य ठरेल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

ज्योत नळाजवळ नेऊ नका, कारण क्रोमचा मुलामा तर जाईलच, शिवाय स्पिंडलवरच्या रबरी रिंगा खराब होतील. उष्णतेचा उपयोग मात्र होतो. पितळ लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते, त्यामुळे पितळी स्पिंडल तापला की त्यात रुतलेल्या लोखंडी स्क्रूभोवतीची पकड थोडी सैल होते. कडकडीत पाण्यात पिळलेले फडके नॉबभोवती काही मिनिटे गुंडाळून ठेवा, मग खाचेत जाड रबर बँडचा तुकडा ठेवून बरोबर मापाचा ड्रायव्हर दाबून, अगदी सावकाश फिरवा.

एवढ्यानेही स्क्रू सुटला नाही तर डोके कापण्याचा तुमचा विचार बरोबर आहे. मुख्य कॉक बंद करून नळातले पाणी काढून टाका, सिंकच्या जाळीत फडके कोंबा आणि हात कोरडे करून मगच ड्रिल हातात घ्या. आधी बारीक बिटने मधोमध भोक पाडा, मग स्क्रूच्या दांड्याएवढे बिट लावून डोके सुटेपर्यंतच खोल जा. डोके वेगळे झाले की नॉब वर ओढून निघतो. उरलेला दांडा पकडीने निघाला तर ठीक, नाही निघाला तरी बिघडत नाही, कारण तो ज्या स्पिंडलमध्ये अडकला आहे तो तुम्हाला टाकूनच द्यायचा आहे.

खरी काळजी यानंतर घ्यावी लागेल. स्पिंडलवर पाना लावून जोर केलात की तोच जोर नळाच्या अंगावाटे भिंतीतल्या निप्पलवर जातो आणि ज्या मोडतोडीची तुम्हाला भीती आहे ती इथेही होऊ शकते. म्हणून नळाच्या अंगाला फडके गुंडाळून दुसऱ्या पान्याने तो घट्ट धरा, किंवा कोणाला तरी धरायला सांगा, आणि मगच स्पिंडल सोडवा. जुना स्पिंडल आणि नॉब दोन्ही दुकानात न्या, कारण लांबी जुळूनही वरच्या दात्यांची संख्या वेगळी निघाली तर जुना नॉब नव्या स्पिंडलवर बसत नाही. नवा स्क्रू स्टेनलेस स्टीलचा मागा आणि बसवण्याआधी त्याच्या आट्यांना थोडे ग्रीस लावा.