फ्लेक्सवर आमचे 231 छापायचे, मग समोरच्यांच्या 38 चं काय करू?

मिडविकेटचा_पोरगा

मंडळी, प्रश्न एवढासाच आहे, पण मागचं-पुढचं सांगितलं नाही तर तुम्ही मला वेड्यात काढाल.

आमची शाळा गिरगावातली, मराठी माध्यमाची, फक्त मुलांची. आमच्या वेळी एकेका इयत्तेला चार तुकड्या असायच्या. आता आठवीची एकच उरलीय आणि तीही पुरती भरत नाही. मी 1989 चा दहावीवाला. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर महिन्याला 'शाळेच्या बातम्या' लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय, का तर शाळेत माझं अक्षर चांगलं होतं म्हणे. (अक्षराचा आणि मोबाइलवर टायपायचा काय संबंध ते मलाही कळलेलं नाही.) गेल्या महिन्यात दोनच बातम्या होत्या: कॅरममध्ये आमचा एक पोरगा तिसरा आला आणि गच्चीची गळती थांबली.

या महिन्यात मात्र लॉटरी लागली. चौदा वर्षांखालच्या शालेय सामन्यात क्रॉस मैदानावर आमच्या आठवीतल्या पोराने 231 नाबाद ठोकले. 3 बाद 412 वर आम्ही डाव सोडला. ग्रुपवर तासाभरात 4200 रुपये जमले, फ्लेक्ससाठी. दहा बाय सहाचा, शाळेच्या फाटकावर. एका माजी नगरसेवकांनी उरलेले पैसे द्यायची तयारी दाखवलीय, फक्त कोपऱ्यात त्यांचा हात जोडलेला फोटो हवा. तो विषय वेगळा, तो मी निस्तरतो.

अडचण अशी की समोरची शाळा 38 वर आटोपली. आणि त्यांची नऊच मुलं आली होती. एकाला ताप, एकाच्या घरी लग्न. जे आले त्यातल्या तिघा-चौघांनी सीझन बॉल पहिल्यांदाच हातात घेतला असावा, कारण झेल आला की ते आधी मान फिरवत होते. मी सीमारेषेबाहेर बसून पाहत होतो. दीडशेनंतर आमच्या बाजूच्या टाळ्यासुद्धा विरळ झाल्या.

पीटीच्या सरांनी मला बातमीचा मजकूर पाठवलाय: 'आपल्या शाळेने दणदणीत विजय संपादन करत प्रतिस्पर्धी संघाचा धुव्वा उडवला.' बातमी म्हणून यात चूक काहीच नाही.

पण 'प्रतिस्पर्धी संघ' म्हणजे काय ते मला माहीत आहे, कारण तो मी होतो. 1987 साली आझाद मैदानावर एका शाळेने आमच्यावर 390 का काहीतरी कुटले होते. मी डीप मिडविकेटला. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या, एकाची मिडविकेट ती दुसऱ्याची पॉइंट. चेंडू माझ्या बाजूने जायचा तो थेट शेजारच्या मॅचमध्ये, आणि तिथला फिल्डर तो परत फेकताना प्रत्येक वेळी हसायचा. एका फलंदाजाचा झेलही सोडला, तो 60 वर असताना. त्याने पुढे शंभर केले. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. त्याचं नाव, त्याच्या शाळेचं नाव, आणि शेवटी 'प्रतिस्पर्ध्यांचा डाव 41 धावांत गुंडाळला.' आमच्या शाळेचं नावच नाही. आई म्हणाली, यात तू कुठे आहेस? मी म्हटलं, 'प्रतिस्पर्ध्यांचा' मध्ये.

तर सांगा. फ्लेक्सवर काय टाकू, बातमीत काय लिहू? फ्लेक्सवाल्याला गुरुवारी मजकूर द्यायचाय.

---

दादरचा_डबा

अहो, किती विचार करता! चौदा वर्षांच्या मुलाने 231 केलेत, लावा की फ्लेक्स. 1988 मध्ये शारदाश्रम शाळेच्या तेंडुलकर-कांबळीने 664 ची भागीदारी केली तेव्हा समोरच्या सेंट झेवियर्स शाळेच्या पोरांना काय वाटलं असेल, हे विचारत बसला होता का कोणी? रेकॉर्ड ते रेकॉर्ड. पेढे वाटा.

---

जुना_स्कोअरर

डबेवाले, विचारत बसले होते. मी सांगतो.

आधी एक स्पष्ट करतो: त्या दिवशी मी मैदानात नव्हतो. 'मी होतो' म्हणणारे आजवर इतके भेटलेत की ते सगळे खरंच आले असते तर फिल्डिंगला जागा उरली नसती. पण शालेय सामन्यांचं स्कोअरिंग मी बरीच वर्षं केलंय, तेव्हा आकडे तरी नीट लिहू या.

फेब्रुवारी 1988, हॅरिस शील्ड या मुंबईतल्या शालेय स्पर्धेची उपांत्य फेरी, आझाद मैदान. 2 बाद 84 असताना दोघे एकत्र आले आणि 748 वर डाव घोषित झाला. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349. दोघांचे प्रशिक्षक आचरेकर सर, त्यांनी फोनवरून डाव सोडायला लावला तेव्हा विनोद एका धावेसाठी विनवत होता, अशी गोष्ट सांगतात. एका धावेसाठीसुद्धा सर विरघळले नाहीत. पुढे सेंट झेवियर्स सर्वबाद 145, त्यातले 6 बळी कांबळीचे, 37 धावांत. पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून ताटकळत बसलेल्या अमोल मुजुमदारची गोष्ट आता सगळ्यांना पाठ आहे, ती सोडतो. मला त्या स्कोअरशीटवर दुसराच माणूस दिसतो: झेवियर्सचा लेगस्पिनर, 27 षटकांत 182 धावा दिलेला. साईराज बहुतुले. तो पुढे मुंबईकडून वर्षानुवर्षं खेळला, भारताकडूनही कसोटी खेळला. त्या दिवशी 'प्रतिस्पर्ध्यांचा धुव्वा' एवढंच लिहून ठेवलं असतं, तर हे 182 आज कोणाला माहीत असते?

आता मुद्दा. शालेय सामन्यात दोन स्कोअरर बसतात, प्रत्येक शाळेचा एक. बहुधा संघात न बसलेला बारावा-तेरावा पोरगा. षटक संपलं की दोघे ताळा जुळवतात. 'माझे 118 झाले, तुझे?' 'माझे 117.' मग शोधाशोध, बाय कुठे राहिली, वाईड कोणी गाळला. तुमच्या पोराचे 231 खरे कशावरून? समोरच्या शाळेच्या पोरानेही 231 च लिहिले म्हणून. स्वतःच्या मित्रांची धुलाई होत असताना तो मान खाली घालून चौकार टिपत बसला होता. तुमच्या विक्रमाचा साक्षीदार तोच. त्याच्या शाळेचं नाव गाळलंत तर साक्षीदारच गाळलात.

ताळा चुकला तर काय होतं त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण शाळेतलंच आहे, पण इंग्लंडचं. 1899 च्या जूनमध्ये ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात, तीही तेव्हा मुलांचीच शाळा, ए. ई. जे. कॉलिन्स नावाच्या तेरा वर्षांच्या मुलाने शाळेअंतर्गत सामन्यात नाबाद 628 केले. कित्येक दुपारी तो सामना चालला होता. स्कोअर लिहिणारा नंतर म्हणाला म्हणे, 628, वीस इकडे किंवा वीस तिकडे! तरी तो विक्रम 116 वर्षं टिकला. आणि समोरच्या नॉर्थ टाऊनचे 87 आणि 61 आजही नोंदवलेले आहेत, म्हणूनच तो एक डाव आणि 688 धावांनी हरला हे आपल्याला कळतं.

हा विक्रम कोणी मोडला ते तुम्हाला माहीत आहेच. जानेवारी 2016, कल्याण, भंडारी कप ही शालेय स्पर्धा. के. सी. गांधी शाळेचा प्रणव धनावडे, रिक्षाचालकाचा मुलगा, 327 चेंडूंत नाबाद 1009. पहिल्याच दिवशी 652 वर खेळत होता. संघाच्या 3 बाद 1465. समोर आर्य गुरुकुल: 31 आणि 52. एक डाव आणि 1382 धावा. तेव्हा पेपरांतून आलं होतं की त्यांची मोठी मुलं दहावीच्या अभ्यासात होती आणि लहान मुलं उतरवली गेली. यामुळे प्रणवचे 1009 कमी होत नाहीत, 327 चेंडू खेळायला दमसास लागतो. पण एवढे कळल्यावरच त्या 1009 कडे नीट बघता येतं. पोरावर एकदम आभाळाएवढं ओझंही येत नाही. त्याच्यावर पुढे किती आलं ते आपण पाहिलंच.

म्हणून माझं मत: समोरच्या शाळेचं नाव आणि पूर्ण धावफलक. फ्लेक्सवरही.

---

चेंबूरची_आई

स्कोअरर काका, बाकी सगळं पटलं, फ्लेक्सवरचं अजिबात नाही.

माझा मुलगा अशाच एका संघात होता. सर्वबाद 29. त्याचा भोपळा. जिंकणाऱ्या शाळेने आपल्या फेसबुक पेजवर अख्खा धावफलक टाकला, तुम्ही म्हणता तस्साच, नावांसकट. काकांना वाटतं त्यात मान आहे. आमच्या सोसायटीतल्या मुलांनी त्याचा स्क्रीनशॉट काढून महिनाभर फिरवला. तो आता बुद्धिबळ खेळतो, बरं खेळतो, पण मैदानात जात नाही.

स्कोअरशीट वहीत असते तेव्हा ती नोंद असते. दहा बाय सहाच्या फ्लेक्सवर 38 छापले की ती टर असते. शाळेचं नाव लिहा, 38 नको.

---

खोखोवाले_सर

मी धाराशिव जिल्ह्यात खो-खो शिकवतो. 2025 च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताने पुरुष आणि महिला दोन्ही गटांत नेपाळला हरवून तो जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. एवढं सांगायचा मोह आवरला नाही, कारण या धाग्यावर सगळं क्रिकेटच चाललंय.

आता उत्तर. क्रिकेटवाल्यांना हे सुचत नाही याचं नवल वाटतं. आमच्या खो-खोची बातमी पेपरात कशी येते ते कधी वाचलंय का? आधी निकाल, एक डाव राखून वगैरे. मग विजयी संघाचे खेळाडू, नावापुढे कंसात '2.10 मि. संरक्षण व 3 गडी', म्हणजे किती वेळ बाद न होता पळत राहिला आणि समोरचे किती बाद केले. आणि शेवटचं वाक्य ठरलेलं: 'पराभूत संघाकडून अमुक (1.30 मि. व 2 गडी) यांची लढत एकाकी ठरली.' ते वाक्य नसलेली बातमी मी पाठवली तर माझीच मुलं विचारतात, सर, त्यांच्यातलं कोणीच नाही खेळलं का?

हरलेल्या संघात कोणीतरी असतोच. त्याचं तेवढं लिहायचं. भोपळेवाल्यांना हात लावायचा नाही. चेंबूरच्या ताईंचंही राहतं आणि स्कोअररसाहेबांचंही.

(नगरसेवकांचा फोटो मागच्या बाजूला छापा.)

---

जुना_स्कोअरर

सरांनी दांडी उडवली. मान्य. ताई, तुमचंही मान्य. स्क्रीनशॉट ही चीज आमच्या काळात नव्हती, ते माझ्या लक्षातच आलं नाही.

---

मिडविकेटचा_पोरगा

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

खो-खो सरांचं वाचल्या वाचल्या मी समोरच्या शाळेच्या सरांना फोन लावला. म्हटलं, तुमच्याकडून कोण चांगलं खेळलं ते हवंय. चार-पाच सेकंद काहीच आवाज नाही. मग म्हणाले, "कशाला? अजून काही राहिलंय का?" पाच मिनिटं समजावलं तेव्हा कुठे विश्वास बसला, आणि मग थांबेचनात. त्यांचा सातवीतला एक पोरगा, डावखुरा फिरकी टाकणारा. नऊच जण असल्यामुळे त्याला 19 षटकं टाकावी लागली. आमचे तीन गेले त्यातले दोन त्याचे. शिवाय 38 पैकी 17 त्याचेच आणि तो शेवटपर्यंत बाद झाला नाही. दोन तास सीमारेषेबाहेर बसूनही हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी फक्त सुटलेले झेल मोजत होतो. माझ्यासारख्याने हे करावं!

मग आमच्या 231 वाल्याला विचारलं, तो डावखुरा आठवतो का? लगेच म्हणाला, "हो काका, त्याने मला 90 च्या आसपास दोनदा बीट केलं. कीपर उभाच राहत नव्हता, नाहीतर स्टंप होतो मी." हे त्याने सरांना सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

बातमी अशी लिहिलीय (मुलांची नावं इथे देत नाही): '...याने नाबाद 231 धावांची खेळी केली. आपल्या शाळेने 3 बाद 412 वर डाव घोषित करून सामना जिंकला. पराभूत संघाकडून ...याने 19 षटकांत 2 बळी घेतले व नाबाद 17 धावा करत एकाकी लढत दिली.' समोरच्या शाळेचं नाव पूर्ण लिहिलंय. 38 कुठेही नाही. पीटीच्या सरांना 'धुव्वा' गेल्याचं वाईट वाटलं, पण त्यांनी सही केली.

फ्लेक्सवर पोराचा फोटो, 231 नाबाद, विरुद्ध अमुक शाळा, क्रॉस मैदान, तारीख. त्याखाली बारीक अक्षरात पराभूत संघाकडूनची ओळ. ग्रुपवर दोघे म्हणाले आपल्या पैशाने त्यांच्या पोराची जाहिरात कशाला, तर 1994 च्या बॅचने त्या ओळीपुरते वेगळे 300 रुपये पाठवले. माजी नगरसेवक कोपऱ्यातच आहेत, पण अंगठ्याएवढे.

आता एकच घोळ राहिलाय. त्यांच्या सरांनी स्कोअरशीटचा फोटो पाठवला, त्यात त्या डावखुऱ्याच्या आडनावावर नेमका चहा सांडलाय आणि सर आता फोन उचलत नाहीत. आमच्या स्कोअररच्या वहीत तो नुसता 'लेफ्टी' आहे. फ्लेक्सवाल्याला म्हटलंय, सहापर्यंत थांब.